न पाहिलेल्या तलावाची पाळ

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा इतिहास, भूगोल आणि अर्थव्यवस्था सांगणारी एक पुस्तिका मी लिहिली आहे. ती लिहिली तेव्हा मी वैनगंगा पाहिलेली नव्हती. पुण्यातल्या खोलीत बसून, तीन जुनी पुस्तकं आणि भिंतीवर टांगलेला एक नकाशा यांच्या बळावर मी ती पूर्ण केली. न पाहता लिहिणं हा काही मोठा गुन्हा नाही. शाळेत भूगोल शिकवणारे आम्ही सगळे न पाहिलेल्या वाळवंटांबद्दल जन्मभर बोलतो. पण प्रस्तावनेत मी लिहिलं, 'या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्यक्ष फिरून ही माहिती गोळा केली आहे.' आणि वाक्याला वजन यावं म्हणून नकाशावर बोट ठेवून चार गावांची नावंही दिली. त्यातलं एक होतं आंबेटोला, वडशाजवळचं.

पुस्तिका शाळांच्या ग्रंथालयांत गेली. तीन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, मास्तरी होतं. मजकूर मात्र दुसऱ्याचा होता हे लगेच कळत होतं.

'आपण आमच्या गावी येऊन गेल्याचे प्रस्तावनेत वाचले. आनंद झाला. कोणाकडे उतरला होता ते कळवावे. आमच्या गावात पाहुणा आला आणि कोणाच्याच घरी जेवला नाही, असे अद्याप झालेले नाही. तसेच पान अठरावर, आमचा तलाव निसर्गाने दिला असे छापले आहे. तो निसर्ग कोणत्या घराण्यातला, तेही कळवावे. डोमाजी गहाणे, पाणकर.'

दोन महिने ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं. एक दिवस पत्नीला सापडलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "उत्तर का नाही पाठवलंत?" मी म्हणालो, पत्रातून उत्तर देता येईल असं ते नाही. ती म्हणाली, "मग जा." आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

मी येतो आहे एवढंच डोमाजींना कळवलं आणि निघालो. ज्यांनी ती पुस्तिका वाचली असेल त्यांच्यासाठी हा प्रवास लिहितो आहे. या वेळी खरोखर फिरून लिहितो आहे.

चंद्रपूर

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती, तरी आमचा लॉजवाला दोन्ही मिळून 'चांदा'च म्हणत होता. 'गोंड राजांची जुनी राजधानी व आजचे औद्योगिक शहर', असं मी पुस्तिकेत लिहिलं होतं. ते खोटं नाही. मात्र ही दोन शहरं एकमेकांच्या अंगावर कशी राहतात हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. राजांनी बांधलेला परकोट अजून शहराभोवती उभा आहे, वेशीतून सायकली आणि ऑटो आत-बाहेर करतात, आणि त्या काळ्या दगडांवर कोळशाच्या खाणींची बारीक भुकटी बसलेली असते. सकाळी धुऊन गॅलरीत वाळत घातलेला माझा बनियन संध्याकाळी राखाडी झाला होता. मी तो लॉजवाल्याला दाखवला. तो हसला नाही. म्हणाला, "चांद्यात पांढरा फक्त भात असते साहेब. तोही झाकून ठेवा लागते."

दुसऱ्या दिवशी गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत हिंडताना मला माझंच पुस्तक दिसलं. युसूफभाई नावाचे एक बाइंडर शाळांची फाटकी पुस्तकं शिवत बसले होते आणि त्यांच्या गुडघ्याशी माझ्या पुस्तिकेच्या पाच-सहा प्रतींची चळत होती. साठीचे, बारीक दाढीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. मी कोण हे न सांगता पुस्तक कसं आहे म्हणून विचारलं. ते म्हणाले, छपाई चांगली आहे. मग सुईत दोरा ओवत त्यांनी जास्तीची माहिती दिली: या पुस्तकाचं एकच पान फाटतं, वाघाचं. पोरं तेवढं कापून नेतात. बाकीचं पुस्तक कोरंच्या कोरं परत येतं.

"तुम्ही वाचलंत?" मी विचारलं.

"शिवता शिवता सारंच वाचून होते. मी तुकूममध्ये राह्यतो, जटपुरा गेटच्या बाहेर. आमच्या मोहल्ल्याचं नाव तुकूम काऊन पडलं, ते याच्यात असंल म्हणून पाह्यलं. नाई."

मग त्यांनीच सांगितलं. गोंड राजांनी दवंडी पिटली होती म्हणे, की जो रान तोडून तलाव बांधेल त्याला त्या तलावाखालची जमीन. त्या देणगीला तुकूम म्हणत. राजानं जमीन दिली आणि लोकांनी पाणी तयार केलं. झाडीच्या या मुलखात भात पिकतो तो त्या सौद्यावर. सगळी गोष्ट त्यांनी दोन टाके घालता घालता सांगितली, आणि माझ्या पुस्तिकेतली इतिहासाची सहा पानं मला पोकळ वाटू लागली. त्यांत राजांची नावं होती, लढाया होत्या. कोणी काय बांधलं ते नव्हतं.

"तुमी काऊन एवढं विचारून राह्यले?" युसूफभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"सहज," मी म्हणालो.

वैनगंगेपलीकडे

चंद्रपुराहून मूल गावावरून गडचिरोलीची एसटी. सागाच्या रानातून रस्ता जातो. मध्येच रान संपून कापलेल्या भाताच्या बांध्या लागतात, म्हणजे बांध घातलेले लहान लहान चौकोन, आणि त्यांच्या कडेला धानाची पुंजणी रचलेली दिसतात. मग वैनगंगेचा लांबलचक पूल येतो. जानेवारीत नदी अर्धी वाळू आणि अर्धं पाणी अशी असते. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. कारखान्याच्या चिमण्या मागे राहतात आणि बांबूचे ट्रक, वनखात्याची नाकी, पोलिसांच्या छावण्या सुरू होतात.

एका नाक्यावर गाडी थांबवून पोलिसांनी पिशव्या तपासल्या. माझ्या पिशवीत पुस्तिकेच्या सहा प्रती होत्या. एका तरुण शिपायानं माझं ओळखपत्र आणि मुखपृष्ठावरचं नाव ताडून पाहिलं आणि तिथंच उभा राहून पानं चाळायला लागला. तो सिरोंच्याकडचा होता. त्याच्या मराठीला तेलुगूचा हेल होता. "आमच्या सिरोंच्याला दोन नद्या आहेत सर, प्राणहिता आणि गोदावरी," तो म्हणाला. "तुमच्या पुस्तकात ओळी अडीच." पुस्तक नीट मिटून त्यानं पिशवीत ठेवलं आणि मला सलाम केला. तो सलाम मला जास्त लागला.

वडसा

वडशाला उतरलो तेव्हा हवेत भाताच्या कोंड्याचा वास होता. तांदळाच्या गिरण्या, रेल्वेचं स्टेशन आणि नाटकं या तीन गोष्टींवर हे गाव चालतं. हिवाळाभर झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात आणि त्यांच्या कंपन्यांची ऑफिसं इथं एका ओळीत आहेत. भिंतींवर पोस्टरावर पोस्टर चिकटवलेलं. दुपारचे बारा वाजले होते आणि एका ऑफिसच्या ओट्यावर कालच्या प्रयोगातला राजा उन्हात पाय पसरून झोपला होता. गालावरचा रंग अर्धा उतरला होता. आमच्या पुण्यात लोक तिकीट काढून नाटकाला जातात. इथं गाव नाटक बोलावतं, आणि त्या दिवशी घरोघर पाहुणे येतात, लग्नं जुळतात, भांडणं मिटतात. ज्याच्याकडे पाहुणा आला नाही त्याला लाज वाटते. डोमाजींच्या कार्डातला पहिला प्रश्न मला तिथं पुरता कळला.

स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर मेश्राम सर माझी वाट पाहत होते. आंबेटोल्याच्या शाळेतले शिक्षक, चाळिशीचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. पोस्टकार्डाचं अक्षर त्यांचं होतं. तेवढं मी ओळखलं आणि त्यांनीही मी ओळखल्याचं ओळखलं. त्यांच्या लुनावर मी मागे बसलो, पिशवी मांडीवर घेतली. वाटेत ते मान वळवून बोलत होते आणि त्यामुळे दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून आम्ही एकदा सरळ लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, पिकात गेलो. धान कापण्याआधीच ओल्या मातीत लाखोरी फेकून देतात, वेगळी नांगरट लागत नाही. मऊ होतं, लागलं नाही. शेंगा झटकत मेश्राम सर म्हणाले, "पान बावीसवर तुम्ही हिला अपायकारक म्हटलं. आज कामी आली."

उरलेल्या वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात तलावाची पाळ एका ठिकाणी खचली होती. येत्या पावसाळ्याआधी भरली नाही तर ती फुटणार आणि खालच्या साऱ्या बांध्या वाहून जाणार. पूर्वी दर वर्षी घरटी एक माणूस पाळीच्या कामाला येत असे. या वर्षी डोमाजींनी सभा बोलावली, तेव्हा त्यांचा स्वतःचा पुतण्या विलास उठला. विलासकडे बोअर आहे, ट्रॅक्टर आहे, त्याला तलावाचं पाणी लागत नाही. त्यानं शाळेतलं माझं पुस्तक आणलं होतं. पान अठरा उघडून त्यानं मोठ्यानं वाचलं: निसर्गाने या भागाला तलावांचे वरदान दिले आहे. आणि विचारलं, की जे कोणी बांधलंच नाही ते आम्ही काऊन दुरुस्त करायचं? मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेल्यापासून तलाव सरकारचा आहे, सरकार पाहील.

"डोमाभाऊ काय म्हणाले?"

"काही नाई. खाली बसले. घरी जाऊन मले म्हणाले, गुरुजी, एक कार्ड लिहा." मेश्राम सरांनी लुना थांबवली. समोर गाव दिसत होतं. "आता सभा परत रविवारी आहे. तुमी येऊन राह्यले म्हणूनच ठेवली."

आंबेटोला

डोमाजी गहाणे ऐंशीच्या घरातले होते. वाळकं शरीर, अंगात बंडी, पायांची बोटं चिखलात आयुष्य गेल्यामुळे फाकलेली. त्यांची सून लताबाई हिनं पाय धुवायला पाणी दिलं. ओसरीवर ताटं मांडली. भात, वाळवलेल्या झिंग्यांचं तिखट कालवण, जवसाची चटणी, आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. त्या अपायकारक डाळीचे मी पाच वडे खाल्ले.

कोहळी समाजाचे हे लोक पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. आपला कोणी पूर्वज जमिनीवर कान ठेवून पाणी कुठं थांबेल ते सांगत असे, असं डोमाजी जेवता जेवता सांगत होते. मी हूं हूं करत होतो. मग त्यांनी भात कालवता कालवता, अगदी सहज विचारलं, "मागच्या खेपेले कोणाकडं उतरले होते जी?"

हीच वेळ होती. मी याचसाठी इतक्या लांब आलो होतो. आणि मी म्हणालो, "मुक्काम केला नव्हता. घाईत होतो. पाळीवरून एक चक्कर मारली आणि निघालो."

"कोणत्या बाजूनं चढले?"

"रस्त्याच्या."

डोमाजींचा हात ताटात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. लताबाई माझ्याकडे पाहत होती. "वाढ बाई पाहुण्याले," ते म्हणाले, आणि पुढे तो विषय काढला नाही.

पाळीवर

सकाळी ते मला पाळीवर घेऊन गेले. रस्त्याच्या बाजूला ओढ्याची खोल घळ आहे आणि घळीच्या काठानं करवंदीची दाट जाळी. त्या बाजूनं शेळीसुद्धा वर चढत नाही. पाळीवर जायला एकच वाट आहे आणि ती डोमाजींच्या अंगणातून जाते. वर पोचेपर्यंत मला हे सगळं दिसलं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

पाळ म्हणजे तलाव अडवणारा मातीचा बांध. हा सरळ नाही. धनुष्यासारखा वाकलेला आहे, पाण्याच्या बाजूला दगडांचा थर, माथ्यावर आंबे आणि अर्जुनाची जुनी झाडं. अर्जुनाला इकडे कहू म्हणतात. मुळांनी माती धरून ठेवावी म्हणून ती लावलेली आहेत. जादा पाणी जाण्यासाठी एका टोकाला सलंग आहे, म्हणजे सांडवा, आणि त्यावरून वाहिलेलं पाणी खालच्या गावाच्या तलावात जातं, तिथून आणखी खालच्या. पाळीच्या पोटात तुडूम आहे. दगडाची, एकावर एक भोकं असलेली विहिरीसारखी रचना. लागेल तेवढ्या उंचीचं भोक उघडायचं आणि तेवढंच पाणी पाटात सोडायचं. ते उघडायचा मान पाणकराचा, म्हणजे डोमाजींचा. सगळ्यात शेवटच्या बांधीला सगळ्यात आधी पाणी, हा इथला नियम.

"वरच्याले पहिलं देलं त खालचा उपाशी मरते," डोमाजी म्हणाले. "खालच्याले पहिलं देलं त वरचा राखण करते. आपली पाळी यावी म्हणून."

तुडुमाजवळ पाळ खचलेली होती. बैलगाडी मावेल एवढं खिंडार. पण मला नवल वाटलं ते थोडं पुढे, जिथं पाळीला मध्येच एक उंचवटा आला होता, उंटाच्या वशिंडासारखा.

"हे चोरमाती," डोमाजी म्हणाले. कोणी आपली पाळी नसताना पाणी चोरलं तर त्यानं सभेत उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं, आणि मग आपल्या डोक्यावरून अकरा टोपल्या माती पाळीवर टाकायची. "नुसती माती टाकून चालत नाई. नुसतं सांगूनबी चालत नाई. ही खालची माती माझ्या सासऱ्याची. हे वरची त्याच्या भावाची. घराणंच तसं." त्यांनी काठीनं उंचवट्यावर टकटक केलं. "अर्धी पाळ चोरायनं उंच केली जी. बोअर आले तवापासून कोणी पाणीच चोरत नाई. पाळ लहान होऊन राह्यली."

पाण्याच्या काठाला सगुणाबाई जाळं झटकत बसली होती. ढिवरांची, पन्नाशीची बाई. तलावातल्या मासोळीचं काम तिच्या देखरेखीखाली चालतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच का निसर्गवाले?"

गावात माझं नाव ते पडलं होतं. डोमाजी हसले. मी कसंबसं म्हणालो की ते वाक्य चुकलं.

"माझ्या सासूची सासू या पाळीवर माती वाहे," सगुणाबाई म्हणाली. "तिचं नाव निसर्ग नोतं गुरुजी. तुळसा होतं."

परत येताना मी डोमाजींना सांगितलं की नव्या आवृत्तीत पान अठरा बदलतो, वाक्य काढून टाकतो, त्यांचं नावही घालतो. ते थांबले.

"तुमचं पुस्तक पुण्याले छापते," ते म्हणाले. "पाळ इथी फुटते. रविवारी सांगा."

दुपारी मेश्राम सरांच्या घरी चहाला गेलो. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, खाली त्यांच्या आजोबांचा. ते म्हणाले, रविवारी बोलाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी कुठं अडेल हे कोहळ्यांना ठाऊक होतं, ते खरं. पण माती उचलणारे आम्ही होतो, ढिवर होते, गोंड होते. तुम्ही निसर्गाचं नाव काढून एकाच घराण्याचं घातलं, तर चूक अर्धीच सुधारेल. मी वहीत टिपून घेतलं. मग ते म्हणाले, "आणि ते दुसरं?" मी विचारलं, दुसरं काय? त्यांनी फक्त चहाचा कप उचलला.

शनिवारी दुपारी मी पिशवी भरली आणि काम निघाल्याचं लताबाईला सांगून रस्त्यावर एसटीची वाट पाहत उभा राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. उभ्या उभ्या सहज मागे पाहिलं. रस्त्यावरून तलाव मुळीच दिसत नव्हता. दिसत होती झाडांनी झाकलेली एक लांब टेकडी. आणि माझ्या मनात एक सुंदर सबब तयार झाली: मी आलो होतो, रस्त्यावरून पाहिलं, टेकडी समजलो, फसलो. कोणीही फसलं असतं. प्रस्तावना शाबूत, पान अठराची चूक माफ, डोमाजींचंही काम होतं. एसटी आली. मी हात केला नाही. त्या खोट्याच्या जोरावर मी गावात परत आलो, आणि लताबाईनं काही न विचारता पाय धुवायला पाणी दिलं.

सभा

रविवारी सकाळी पाळीच्या पायथ्याला, मोठ्या आंब्याखाली गाव जमलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. विलास ट्रॅक्टर घेऊनच आला होता आणि त्याच्या चाकाला टेकून उभा होता. तिशीचा, उमदा माणूस. सभा सुरू होताच त्यानं पुस्तिका वर धरली.

"मी नाई म्हणत, पुस्तक म्हणते. लिहिणारे सायबच आज इथी आहेत. त्यायलेच विचारा ना. सायब म्हणतील तसं करू."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी उभा राहिलो. तयार करून ठेवलेली वाक्यं सुरू केली: की रस्त्यावरून पाहणाऱ्याला ही पाळ टेकडीसारखी दिसते, की तिच्यावरच्या जुन्या झाडांमुळे निरीक्षकाचा गैरसमज होणं स्वाभाविक आहे, की मी ज्या वेळी इथून गेलो...

"गुरुजी," सगुणाबाई मधेच म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आले होते का नाई, तेवढं सांगा."

मी डोमाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. त्या वेळी मला कळलं की हा म्हातारा माझं हे दुसरं खोटंसुद्धा पचवायला तयार आहे, कारण त्याला पाळ वाचवायची आहे. मी टेकडी म्हणालो असतो तरी त्यानं मान हलवली असती.

"नाही," मी म्हणालो. "मी आलो नव्हतो."

विलासनं पुस्तिका खाली घेतली.

मग मला तयार वाक्यांची गरज उरली नाही. मी म्हणालो, "मी हे गाव नकाशावर पाहिलं. हा तलाव कधी पाहिला नाही, आणि पाहिला असं छापलं. तो निसर्गानं दिला हे मी घरी बसून ठरवलं. जागा कुठली ते कोहळ्यांनी शोधलं. माती इथल्या सगळ्या घरांनी वाहिली. तुळसाबाईनं वाहिली, मेश्राम सरांच्या आजोबांनी वाहिली. त्यांच्या हातचं काम मी त्यांच्याकडून काढून घेतलं आणि कोणाचंच नाही असं लिहिलं. पुस्तक म्हणतं म्हणून विलासभाऊ बोलले, तर त्यात त्यांची चूक नाही. पुस्तक खोटं आहे. मला माफ करा."

मग मी विचारलं, "डोमाभाऊ, माझ्या टोपल्या किती?"

डोमाजींनी मान वर केली. "पाण्याच्या चोरीले अकरा आहेत," ते म्हणाले. "अख्खा तलाव चोरणारा आजवर भेटला नाई. त्याचा नियम आमच्याजवळ नाई."

हसण्याची पहिली लाट बायकांकडून आली. मेश्राम सर तर चष्मा काढून डोळे पुसत होते. "अकराच घ्या," कोणीतरी म्हणालं, "शहरातली मान आहे, मोडंल."

तलावाच्या कोरड्या काठाला माती खणून ठेवलेली होती. टोपलं भरता येतं, पण भरलेलं टोपलं डोक्यावर घ्यायला दुसरा माणूस लागतो. मी ओणवा होऊन वाट पाहत होतो. माझ्या समोर दोन पाय येऊन थांबले. विलास होता. "सरकारनं पाह्यलं पाह्यजे, हे मी अजून म्हणतो," तो म्हणाला, आणि टोपलं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं. "मान सरळ ठेवा. खाली पाहू नका."

पहिल्या खेपेला अर्धी माती माझ्या सदऱ्यात गेली. तिसऱ्या खेपेला माझ्या मागून लताबाई टोपलं घेऊन येत होती, तिच्यामागे मेश्राम सर. सहाव्याला ओळ लागली होती. विलासचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. तो घरी निघाला की माती आणायला, ते वळून पाहायची मला सोय नव्हती.

खिंडाराशी डोमाजी उभे होते. टाकलेली माती ते आपल्या त्या फाकलेल्या पायांनी दाबत होते, टाच आधी, मग चवडा, परत टाच. अकरावं टोपलं मी त्यांच्या पायाशी रिकामं केलं आणि त्यांच्या शेजारी उभा राहून माती दाबायला लागलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. खाली लोक पुढच्या टोपल्या भरत होते.

"डोमाभाऊ," मी म्हणालो, "सभेत सांगितलं ते पुस्तकाचं होतं. तुमच्या ओसरीवर, तुमच्या ताटावर बसून मी परत खोटं बोललो. तुम्हाला ते त्याच वेळी कळलं होतं, तरी तुम्ही सुनेला म्हणालात, वाढ पाहुण्याला. तुमच्या घरचं अन्न खाताना मी तुम्हाला फसवलं. माझं चुकलं. मला माफ करा."